जाणाऱ्याचा झाडू

मासोझी गोंद्वे कुणाकडे मुक्कामाला राहिली, की निघायच्या दिवशी सकाळी उठून झाडू शोधते. यजमानीण म्हणते, "राहू द्या अमामा, मी झाडते नंतर." ती हो म्हणते आणि झाडायला लागते. आपण निजलो ती खोली, उंबरा, अंगणात उमटलेली आपली पावलं, सगळं. जाणाऱ्याने मागे केस ठेवू नये, नख ठेवू नये, आपली घाण दुसऱ्याला आवरायला लावू नये, हे तिला आईने शिकवलं. नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि ती त्याचं घर सोडून निघाली, तेव्हासुद्धा डोक्यावर गाठोडं घेण्याआधी तिने अंगण झाडलं. सासूला वाटलं, बाई नाटक करतेय. नाटक कसलं? ती आहेच तशी.

हे सगळं वेझी लोंग्वे हसत हसत सांगतो, आणि त्याला तो हक्क आहे. तो तिच्या धाकट्या बहिणीचा, तावोंगाचा, नवरा. म्हणजे मासोझी त्याची मुलामू, आणि मुलामूची थट्टा केली नाही तर लोक विचारतात, काय रे, भांडण झालं का? ती डोंगरावरची तुम्बुका, मक्याच्या पिठावर वाढलेली. तो सरोवरकाठचा टोंगा, कसावाच्या मुळांचं चिकट कोंदोवोले खाणारा. तिचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय, आजही मुळंच उकडलीत वाटतं?" तो म्हणतो, "हो, पण माशाबरोबर. तुमच्याकडे मासा बघायला पण फोटो लागतो." मग कामाचं बोलणं सुरू होतं.

काम मात्र थट्टेचं नाही. म्झुझूत बाजाराच्या टोकाला एक फोनदुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत मासोझी बसते. मिशनच्या शाळेने टाकून दिलेले कॉम्प्युटर उघडून, बिघडवून, पुन्हा जुळवून ती शिकली. त्या मशीनांवर लिनक्सच चालायचं, कारण ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या मशीनचेही लाड करतं. पुढे सरोवराच्या काठाने गावोगावी छोटी रेडिओ स्टेशनं निघाली, तेव्हा तिने त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'माझ्गु', म्हणजे शब्द. गाणी लावायची, मयताच्या बातम्या द्यायच्या, माणसांचे रेकॉर्ड केलेले आवाज जपून ठेवायचे आणि हवे तेव्हा हवेत सोडायचे, एवढं ते करतं. तिथे इंटरनेट कुठलं आलंय! ती माझ्गुचं पॅकेज, म्हणजे मशीनवर बसवायचं गाठोडं, बांधते, पेन ड्राइव्हवर घालते आणि मिनीबसच्या ड्रायव्हरच्या खिशात टाकते.

एकदा वेझी त्या खोलीत तिच्या पाठीशी उभा होता. तिने त्याला दाखवलं होतं, की प्रत्येक पॅकेजबरोबर दोन-चार छोट्या स्क्रिप्ट, हुकमांच्या चिठ्ठ्या, जातात. एक चालते पॅकेज मशीनच्या घरात शिरताना, दुसरी बाहेर पडताना. "आणि चालताना त्या मशीनच्या मालक असतात," ती म्हणाली. "त्यांना कुणी अडवत नाही, कुणी दार लावत नाही. म्हणून ही ओळ लिहिताना मी शेजारच्या रेडिओचा आवाजसुद्धा बारीक करायला सांगते." वेझी बघतच राहिला. ही बाई इथे खोलीत बसून एक ओळ लिहिते, आणि डोंगर उतरून पार पलीकडे, आपल्या कापांदा गावात, आपलं मशीन ती ओळ निमूट पाळतं. त्या दिवशी घरी जाऊन तो तावोंगाला म्हणाला, "तुझ्या बहिणीची मी थट्टा करतो खरी, पण मला तिची भीती वाटते." तावोंगा म्हणाली, "उशिराच कळलं."

कापांदाचं स्टेशन म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, बाहेर सोलर पॅनल आणि आत मोटारीची जुनी बॅटरी. निवेदक, झाडूवाला, राखणदार, सगळं वेझीच. पण गाव रेडिओ ऐकतं ते वेझीसाठी नाही. गाव ऐकतं अगोगो कामांगासाठी. आजोबा असो की आजी, तिथे हाक एकच, अगोगो. अगोगो कामांगा जन्मभर लाकडी होडीत बसला आणि सरोवरावरचा एकेक वारा त्याला नावानिशी माहीत होता. म्हातारपणी दिसेनासं झालं तेव्हा वेझीने त्याला मायक्रोफोनसमोर बसवून प्रत्येक वाऱ्याची हाक त्याच्या तोंडून रेकॉर्ड करून घेतली. गेल्या पावसाळ्याआधी म्हातारा गेला. पण टेकडीवर बसलेल्या माणसाला दक्षिणेकडे पाण्याचा रंग बदललेला दिसला, त्याने खाली निरोप दिला, की वेझी अगोगोची हाक लावतो, आणि होड्या वळतात. प्रत्येक होडीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक रेडिओ असतोच. एकदा वेझीने स्वतःच्या आवाजात सांगून पाहिलं. कोळी हसले आणि जाळी टाकत राहिले. त्या दिवशी वारा थोडक्यात बाजूने गेला म्हणून बरं.

अलीकडे माझ्गु अधूनमधून मुकं व्हायचं. दुपारी बोलता बोलता गप्प. मासोझीने नवं पॅकेज बांधून सगळ्या स्टेशनांना धाडलं. कापांदाला ते पोचलं त्या दिवशी वेझीने सकाळची गाणी लावून दिली, पेन ड्राइव्ह खोचला, आणि काम सुरू केलं. पडद्यावर ओळी सरकल्या आणि एक प्रश्न येऊन थांबला. 'प्रसारण थोडा वेळ थांबेल. चालेल? हो / नाही.' त्याचं बोट 'हो'वर गेलं, तेवढ्यात फोन वाजला.

"पेन ड्राइव्ह लावलास?" मासोझीने मुळांची चौकशी केली नाही, तिथेच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"लावला ना, मुलामू. तुझं मशीन फार शहाणं, परवानगी मागतंय. देतो."

"हात काढ! वेझी, हात काढ त्याच्यावरून. दोन्ही हात."

त्याने दोन्ही हात वर केले. खोलीत बघायला कुणी नव्हतं, तरी केले.

तिने सांगितलं ते असं. उत्तरेकडच्या एका स्टेशनवर काल नवं पॅकेज बसलं. पडद्याने 'झालं' म्हणून सांगितलं. मग त्यांनी आवाजांची पेटी उघडली, तर आत काही नाही. सगळे आवाज पुसलेले. बाकीच्या स्टेशनांना तिने फोन करून थांबवलं होतं.

"तुझ्याकडे दुसरी प्रत आहे ना? मी डिस्क दिली होती."

"ती... मुलामू, भाच्याचं लग्न होतं ना. व्हिडिओवाल्याला जागा लागत होती."

"पुसून दिलीस?"

"जागाच नव्हती गं."

"तुला मी नंतर मारीन. आत्ता वेळ नाही."

"बरं, मग 'नाही' दाबतो. नकोच आपल्याला नवं."

"'नाही' दाबलंस तरी जाईल." तिचा आवाज आता हळू झाला होता. "ऐक. नवं आत येताना जुनं बाहेर पडतं, आणि बाहेर पडताना त्याची स्क्रिप्ट चालते. मशीन तिला कारण सांगतं, बाई, तू कायमची जातेस, का नुसती जागा बदलतेस. माझी स्क्रिप्ट कारण ऐकतच नाही. झाडू घेते आणि सगळं घर झाडून टाकते. तू 'नाही' म्हणालास तर जुनं राहील, पण मग नवं दारातूनच परत फिरेल. आणि परत फिरताना त्याचीही तीच स्क्रिप्ट चालेल. तोच झाडू."

इकडे आड, तिकडे विहीर. वेझीची पाचावर धारण बसली. "मशीनच बंद केलं तर?"

"ते तर मुळीच नको. तुमच्याकडे वीज सतत जाते म्हणून मीच सोय करून ठेवलीय. चालू झालं की अर्धवट राहिलेलं काम मशीन स्वतःहून पुरं करतं. काही विचारत नाही."

"मग मी करू काय?"

"काही करू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा तुला जमण्यासारखं काम सांगतेय. मी निघाले."

प्रश्नाला न छेडता सामान वाचवायचं तर तीन बटणं एकदम दाबून दुसऱ्या पडद्यावर जायला हवं होतं, पण कापांदाच्या कीबोर्डात वाळू जाऊन एक बटण अडकायचं, तीन दाबायला जावं तर चौथं आपोआप दाबलं जायचं. फोनवर शिकवण्याचा धोका तिला पत्करायचा नव्हता. वेझीने दार लोटून घेतलं, खुर्ची मागे सारली आणि प्रश्नाकडे बघत उभा राहिला.

असं काम त्याने कधी केलं नव्हतं. मशीनवरची गाणी चालू होती, बाकी सगळं थांबलेलं. एक कोंबडी खिडकीत चढली तर त्याने टोपी फेकून मारली. तावोंगा जेवण घेऊन आली, तिला त्याने उंबऱ्याबाहेरच थांबवलं. बातमी गावात पसरायला वेळ लागत नाही. दुपारपर्यंत दाराशी माणसं जमली. प्रत्येकाला तो प्रश्न बघायचा होता. "एवढासाच?" लोक म्हणत, आणि मग दबक्या आवाजात बोलायला लागत. अगोगो कामांगाची बायको, न्याम्होने नावाची म्हातारी, काठी टेकत आली आणि दारात चटईवर बसली. मग वेझीला म्हणाली, "बाळा, तो आहे ना अजून आत?"

"आहे, अगोगो."

"मग मी बसते." आणि ती बसून राहिली. वेझीला रडू आलं, पण हात हलवायची भीती वाटली म्हणून त्याने डोळेही पुसले नाहीत.

ऊन कलायला लागलं तसा बॅटरीचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला. एरवी अशा वेळी तो दोन-तीन गोष्टी बंद करायचा. आज ट्रान्समीटर बंद करावा तर होड्या पाण्यात उतरत होत्या. उसिपा मासा रात्री दिव्यावर येतो, म्हणून कोळी उजेड असतानाच दूर जाऊन जागा धरतात. त्यांना रेडिओशिवाय कसं सोडायचं? आणि ट्रान्समीटर चालू ठेवला तर मशीन बसणार. तेवढ्यात व्हिडिओ हॉलचा मालक अडाडा चिर्वा हातगाडीवर स्वतःची बॅटरी घालून आला. त्याच्याकडे फुटबॉलची मॅच लागली होती. ती त्याने मध्येच तोडली, आणि पैसे भरून बसलेले सगळे प्रेक्षक शिव्या देत त्याच्यामागून इथे आले. "बघू तरी, आमच्या मॅचपेक्षा मोठं काय आहे ते," एक जण म्हणाला. त्याने पडद्याकडे पाहिलं, दारातल्या म्हातारीकडे पाहिलं, आणि तार धरायला पुढे झाला. जुनी बॅटरी न काढता नवी तिच्याशेजारी जोडली. दिवा पुन्हा हिरवा झाला.

मासोझी आली ती कबाझाच्या, भाड्याच्या सायकलच्या, मागच्या सीटवर, धुळीने लाल होऊन. कबाझावाला चढावर तिला उतरवत होता आणि ती सायकलच्या मागे पळत होती, हे नंतर कळलं. वेझीला वाटलं, आता ही धावत आत येईल. ती धावली नाही. तिने आधी गुडघे टेकून म्हातारीला 'मोनिले' केलं, घरच्यांची खुशाली विचारली, आपली सांगितली. मग अडाडा चिर्वाला, मग बाकीच्यांना. वेझी आत जळत होता. पण तिच्या जागी दुसरं कुणी असतं आणि न वाकता आत शिरलं असतं, तर ह्याच लोकांनी त्या मशीनला तिला हात लावू दिला नसता, हेही त्याला ठाऊक होतं.

आत येऊन तिने पिशवीतून स्वतःचा कीबोर्ड काढला, जोडला, आणि काहीच दाबलं नाही. नुसती वाचत राहिली. मग तीन बटणं एकदम दाबली. प्रश्न नाहीसा झाला आणि काळा पडदा आला. मागे कुणीतरी "गेलं!" म्हणून ओरडलं.

"काही गेलं नाही. ती खोली तिथेच आहे, मी दुसऱ्या खोलीत आलेय," ती मान न वळवता म्हणाली. तिने एक ओळ लिहिली. पुन्हा वाचली. ओठांनी पुटपुटत तिसऱ्यांदा वाचली आणि एंटर दाबलं.

वेझीने वाट पाहिली. "आता काय?"

"झालं. सगळं सामान उचलून शेजारच्या घरात ठेवलं. आता त्या बाईला हवं तेवढं झाडू दे."

"एका ओळीत?" दिवसभर अंगावर वागवलेला डोंगर एका ओळीने उतरला, हे त्याला पटेना. मघाचं आख्खं गाव, म्हातारी, बॅटरी, मॅच, आणि ही एवढीशी ओळ! त्याच्या अंगावर काटा आला. अशीच एक एवढीशी ओळ दुसरीकडे सगळं पुसूनही गेली होती, हे मग त्याच्या ध्यानात आलं आणि काटा पुन्हा आला.

"ती झाडूची ओळ लिहिली कुणी पण? त्याला धरून आणायला हवा इथे," दारातून अडाडा चिर्वा म्हणाला.

"मी लिहिली, अडाडा." ती उठून उभी राहिली आणि त्याच्याकडे वळली. "एका स्टेशनने तक्रार केली, तुझा प्रोग्राम काढला तरी कचरा मागे राहतो. मला लाज वाटली. म्हणून लिहिलं, जाताना काही मागे ठेवू नकोस. माझ्याकडे मी तपासूनही पाहिलं. पण माझ्या मशीनमध्ये कुणाचा आवाजच नव्हता. रिकाम्या घरातून काय गेलं, ते कळणार कसं? मला झाडायला शिकवलंय. घरच्यांचं काय झाडायचं नाही, ते मी शिकायला हवं होतं."

म्हातारी म्हणाली, "बस, पोरी. उभी का राहिलीस?"

मासोझी बसली. प्रश्नाच्या खोलीत परत गेली आणि 'हो' दाबलं. गाणं थांबलं. ओळी सरकल्या. जुनं बाहेर पडलं, पडताना त्याने रिकामं घर झाडलं, नवं आत येऊन बसलं. मग दुसऱ्या एका ओळीने तिने सामान परत जागेवर आणलं. पेटी उघडली. नावं दिसत होती, सगळी. पण नावावर विश्वास ठेवून चालत नाही, आत आवाज आहे का ते ऐकायला हवं. तिने पहिल्याच नावावर बोट ठेवलं.

"पोरांनो," अगोगो कामांगा म्हणाला. जाडाभरडा, थोडा खाकरलेला, खोलीभर. "म्वेरा उठतोय. वळा. जाळं तोडा, जाळं पुन्हा विणता येतं. वळा घराकडे."

दारातली म्हातारी काठीवर कपाळ टेकून हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. मासोझीने चेहरा ओंजळीत झाकला. आणि वेझीची नजर ट्रान्समीटरच्या लाल दिव्यावर गेली. नवं माझ्गु उठता क्षणीच हवेत गेलं होतं.

"मुलामू, हे बाहेर गेलं!"

सगळे काठावर धावले. सरोवर तेलासारखं शांत होतं. वाऱ्याचा मागमूस नव्हता, आकाशात ढगाचा तुकडाही नव्हता. दूर पाण्यावर होड्या ठिपक्यांसारख्या पसरल्या होत्या, आणि त्या वळत होत्या. आधी जवळच्या, मग त्यांच्या पलीकडच्या, मग पार टोकाला दिसेनाशा झालेल्या. एकही मागे राहिली नाही. वल्ही जोरात पडत होती, ती इथून दिसत होती.

वेझी परत पळाला आणि मायक्रोफोन ओढला. "अहो, वारा नाही! वेझी बोलतोय, वेझी लोंग्वे! चुकून लागलं ते. जा परत, मासे पकडा!" तो दोनदा, तीनदा, कळवळून सांगत राहिला. मग बाहेर येऊन बघतो तो एक होडी थांबलेली नाही. त्याचं कोण ऐकतो?

मासोझी पाण्याच्या कडेला उभी होती. माणूस जाऊन पावसाळा उलटला, आणि निवळशंख पाण्यावर, समोर सगळं शांत दिसत असताना, एवढी माणसं रात्रीची कमाई सोडून त्याच्या एका हाकेला घरी येत होती. हे तिने कधी पाहिलं नव्हतं. ती म्झुझूत बसून आवाजांची पेटी म्हणायची, जागा म्हणायची, फाइल म्हणायची.

पहिली होडी वाळूला लागली. तरुण कोळी उडी मारून उतरला, कापलेल्या जाळ्याचं टोक हातात तसंच. "कुठाय वारा?" त्याने मागे वळून सरोवराकडे पाहिलं. वेझीने हात जोडून झाला प्रकार सांगितला. कोळ्याने त्याला आधी भरपूर शिव्या घातल्या.

"मी सांगत होतो ना रेडिओवर, नाहीये वारा म्हणून!" वेझी म्हणाला.

"ऐकलं की तुझं. पण तू जिवंत माणूस, तुझं चुकू शकतं."

एकेक होडी येत गेली. बायका ओढायला पाण्यात शिरल्या. मासोझीने कमरेचं चिटेंजे गुडघ्यावर खोचलं आणि तीही शिरली, कोणाच्या होडीला हात लागतोय ते न बघता ओढत राहिली. वेझी तिच्या शेजारी आला. काहीतरी थट्टा करावी म्हणून त्याने तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा पाहून मिटलं.

"उत्तरेच्या त्या स्टेशनवर," ती म्हणाली, "त्यांच्याकडे कुणाचा आवाज होता?"

"मला नाही माहीत, मुलामू."

"मलाही नाही. मी फोनवर विचारलंच नाही. किती फाइली गेल्या एवढंच विचारलं." ती होडीचा कठडा धरून थांबली. पाण्यावर अजून होड्या येतच होत्या. "उद्या तिकडे जाते. त्यांच्या होड्यांना आता कोण हाक मारणार, ते माझ्या तोंडाने विचारायला हवं."

वेझी म्हणाला, "मी येतो बरोबर." आणि दोघांनी मिळून होडी वर ओढली.